घरचा आहेर

गादीवरचा डाग चहाचा नव्हता, एवढं कळायला व्हर्ना झिंकला चष्मा लावावा लागला नाही.

चर्चच्या तळघरात ती रबरी हातमोजे घालून उभी होती आणि गावाची दानत तिच्यासमोर भिंतीला टेकवून ठेवली होती. गादीच्या आजूबाजूला खोकी. एका खोक्यात बर्फात घालायचा एकाच पायाचा बूट. दुसरा कुठे गेला ते देणाऱ्यालाच ठाऊक. सिरियात माणसं लंगडी घालत चालतात अशी त्याची समजूत असावी. दुसऱ्या खोक्यात डुकराच्या मांसाचे डबे, तेही मुदत टळून गेलेले, म्हणजे येणाऱ्या मुसलमानाला वर्ज्य आणि देणाऱ्या ख्रिस्त्यालाही वर्ज्य. तिसऱ्यात हूक तुटलेल्या बॉडिस, घामाचा वास जायला काखेत लावायची अर्धी झिजलेली कांडी, झाकण नसलेली कॉफीची किटली आणि तळाशी केसांचा ब्रश. ब्रशमध्ये केस होते. पांढरे, बारीक कुरळे. व्हर्नाने ते लगेच ओळखले. दर रविवारी ती त्याच केसांच्या मागच्या बाकावर बसायची.

"शी!" ती मोठ्याने म्हणाली. तळघरात ऐकायला कुणी नव्हतं म्हणून तिने पुन्हा एकदा म्हटलं. तेवढ्याने बरं वाटलं नाही.

रिसर्स कोव्ह हे कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाच्या किनाऱ्यावरचं गाव. तिथली माणसं वाईट आहेत असं कुणी म्हणणार नाही. सिरियातून पळताना समुद्रात बुडालेली माणसं टीव्हीवर पाहून सगळं गाव हळहळलं होतं. चर्चमध्ये सभा झाली, एक कुटुंब आपण आणायचं, वर्षभर त्यांचं घर, अन्न, शाळा सगळं आपण बघायचं, असं सरकारला लिहून दिलं गेलं. त्या सभेत बायका रडल्या, पुरुषांनी नाकं शिंकरली. मग सगळे घरी गेले आणि माळ्यावर चढले. माळ्यावरचं जे जे बायकोला नको होतं आणि नवऱ्याला टाकवत नव्हतं ते सगळं महिन्याभरात तळघरात येऊन पडलं. स्वतःच्या कुत्र्याला ज्या पांघरुणावर निजू देणार नाहीत ते पांघरूण देताना माणसाचा चेहरा कसा उजळतो, हे बघायचं असेल तर अशा तळघरात उभं राहावं.

निवडानिवडीचं काम व्हर्नाने मागून घेतलं होतं. दुसऱ्या कुणाला ते नकोच होतं. माशांच्या कारखान्यात उभा जन्म तिने मासे कापले होते. आतडी, खवले, रक्त यांची तिला किळस नव्हती. मासा मेलेला असतो, तो काही तुमच्याकडून आभाराची अपेक्षा करत नाही, असं ती म्हणायची.

काम मागून घेण्याचं खरं कारण गावातल्या जुन्या माणसांना ठाऊक होतं, पण कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. ज्याच्यावर उपकार झालेले असतात त्याच्याच लक्षात ते राहतात.

व्हर्ना पंचविशीत होती तेव्हा तिचं घर जळालं. ती आणि नवरा ऑस्टिन अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडले. गाव धावून आलं आणि गावाच्या रीतीप्रमाणे हॉलमध्ये आहेराचा कार्यक्रम ठरला. इथे लग्न झालं की आहेर, मूल झालं की आहेर, घर जळालं तरी आहेरच. रीत एकच. ज्यांना द्यायचं त्यांना स्टेजवर दोन खुर्च्यांत बसवतात. खोकं आलं की देणाऱ्याचं नाव पुकारतात. मग घेणाऱ्याने खोकं उघडायचं, आतली वस्तू उंच धरून दाखवायची, सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. त्यानंतर ती वस्तू पहिल्या रांगेत द्यायची आणि ती हातोहात शेवटच्या रांगेपर्यंत फिरून यायची, म्हणजे कुणी काय दिलं ते प्रत्येकाने डोळे भरून पाहावं, चाचपून पाहावं. नव्या नवरीच्या चादरींना ही रीत ठीकच आहे. ज्या बाईच्या केसांना अजून धुराचा वास येतोय तिला मात्र गावाने कुणाच्या तरी मेलेल्या आईचा झोपायचा झगा हातात दिला. मागच्या बाजूला पिवळा डाग. खालून लोक ओरडले, "अंगाला लावून दाखव गं!" व्हर्नाने तो अंगाला लावून दाखवला. हसली. थँक्यू म्हणाली. मग बाहेर जाऊन ओकली.

आणि ते तिथे संपलं असतं तरी चाललं असतं. पण तिला मिळालेल्या ताटांच्या बुडाशी नावं होती. चर्चच्या जेवणावळीला प्रत्येकीची भांडी जातात, ती परत यावीत म्हणून बुडाला नेलपॉलिशने नाव घालायची इथल्या बायकांची पद्धत. आहेर देताना ती नावं पुसायचं कुणाला सुचलं नाही. कॉन्रॅड, रिसर, कॉन्रॅड, नॉस. पुढे कुणीही व्हर्नाकडे जेवायला आली की हमखास ताट किंचित उचलून खाली बघायची आणि म्हणायची, "अगंबाई, हे आमचं का? चांगलं सांभाळलंयस हो!" नावं खरवडून काढायची सोय नव्हती, काढली असती तर गावभर झालं असतं. नवी ताटं आणायचीही सोय नव्हती. एकदा तिने मोडकी डुलती खुर्ची टाकून दिली तर डोरीन कॉन्रॅडच्या आईने दोन वर्षं तिच्याशी धड बोलणं ठेवलं नाही. ऑस्टिन वारला तेव्हासुद्धा समाचाराला आलेल्या बायकांनी त्याच ताटांत केक खाल्ला आणि जाता जाता ताटं उलटी करून पाहिली.

तर तळघरातलं ते सगळं व्हर्नाने आपल्या जुन्या गाडीत भरलं आणि दोन खेपांत गावाबाहेरच्या कचरा डेपोवर टाकून आली. गादी एकटीनं ओढत नेताना तिची कंबर धरली, पण कित्येक वर्षांत तिला इतकं हलकं वाटलं नव्हतं. चांगल्या वस्तू, आणि त्याही होत्याच, तिने धुऊन पुसून मांडून ठेवल्या. कमी पडलं ते शहरात जाऊन नवं आणलं. चादरी तर तिने कोऱ्या पाकिटातच ठेवल्या. पाकीट फोडायचं सुख त्या बाईला मिळू दे, असं तिला वाटलं.

ती बाई म्हणजे नज्वा. नवरा घस्सान, गिलाव्याचं काम करणारा, भिडस्त माणूस. आणि दोन छोट्या मुली. सिरियातल्या हमा शहरातून निघून लेबनॉनमध्ये एका गॅरेजच्या मागच्या खोलीत त्यांनी तीन-चार वर्षं काढली होती. हमामध्ये नज्वाचं बायकांच्या कपड्यांचं दुकान होतं, त्यामुळे कापडाला हात लावला की तिला सगळं कळायचं. इंग्रजी ती तुटक बोलायची, पण नेमकं.

गावात पोचल्याच्या दुसऱ्या दिवसापासून ती रोज दुपारी व्हर्नाकडे यायला लागली आणि तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणू लागली. खारा मासा आणि बटाटा तिने चाखून पाहिला आणि प्रामाणिकपणे सांगितलं, "खाला, हे आजारी माणसाचं जेवण आहे." व्हर्ना इतकी हसली की तिला ठसका लागला. गावात तिच्या तोंडावर खरं बोलणारं माणूस तिला खूप दिवसांनी भेटलं होतं.

एकदा ताटं विसळताना नज्वाने ताट उलटं केलं. "खाला, हे कॉन्रॅड कोण?"

व्हर्नाने सांगितलं. आगीपासून झग्यापर्यंत सगळं सांगितलं. ऑस्टिनशीसुद्धा ती यावर कधी बोलली नव्हती.

नज्वाने ताट पुसलं. मग म्हणाली, "डोरीनबाई घस्सानला म्हणाल्या, हॉलमध्ये आमच्यासाठी पार्टी आहे. ती हीच?"

"हीच."

"स्टेजवर?"

"हो."

"आमच्याकडे माझी आई रमजानमध्ये गरिबाच्या दारात पिशवी ठेवायची. दार वाजवायची आणि पळायची. म्हातारी बाई, गुडघे दुखायचे, तरी पळायची. का? त्यांनी दार उघडलं आणि तोंड दिसलं तर त्यांना लाज वाटेल." तिने ताट खाली ठेवलं. "खाला, मी सगळं सहन केलं. गॅरेजमध्ये राहिले. रांगेत उभी राहिले. पण लोक खुर्च्यांवर बसून मला बघतात, आणि मी जुने कपडे उंच धरते... ते मी करणार नाही. तिथे बसले तर मुली मला बघतील."

"तुला बसावं लागणार नाही," व्हर्ना म्हणाली. "माझा शब्द."

शब्द देणं सोपं होतं. पाळायला डोरीनशी बोलावं लागणार होतं.

डोरीन कॉन्रॅड समितीची अध्यक्ष. गावात समिती कुठलीही असो, अध्यक्ष डोरीन. ती व्हर्नाच्याच वर्गात होती आणि तेव्हासुद्धा खडू वाटायचं काम तिच्याकडेच असायचं. तशी कष्टाळू. घर शोधणं, शाळा, डॉक्टर, सगळं तिने धावपळ करून केलं होतं. फक्त आपण जे केलं ते चार माणसांना दिसलं नाही तर ते झालंच नाही, असं तिला मनापासून वाटायचं.

व्हर्ना तिच्या घरी पोचली तेव्हा अंगणात एल्वुड रिसरची उघडी गाडी उभी होती आणि त्या गाडीत ती गादी होती.

व्हर्नाने डोळे मिटून उघडले. गादी तिथेच होती. तोच डाग. बाजूला तीच खोकी.

इथे एक गोष्ट व्हर्ना विसरली होती आणि ती विसरायला नको होती. रिसर्स कोव्हमध्ये शनिवारी सकाळी लोक डेपोवर कचरा टाकायला जातात आणि येताना दुसऱ्याचा कचरा घेऊन येतात. दीड-दोन तास तिथे गप्पा, उखाळ्यापाखाळ्या. एल्वुड तर डेपोवरच जन्मला म्हणायचा. त्याच्या घरातली निम्मी खुर्च्या-टेबलं तिथली. त्याने गादी पाहिली, ओळखली, कारण ती त्याचीच होती.

"ये, ये, व्हर्ना," डोरीन दारातून म्हणाली. आवाज गोड होता, म्हणजे आतून पेटली होती. "एल्वुडला काय सापडलं बघ. गावाने प्रेमाने दिलेल्या वस्तू डेपोवर! मी म्हटलं, आपल्या व्हर्नाच्या हातून असं होणार नाही, काहीतरी गोंधळ झाला असेल."

"गोंधळ नाही. मीच टाकल्या."

"का?"

"घाण होत्या म्हणून."

एल्वुड उखडला. "घाण? माझा बाप गेला त्या गादीवर!"

"ते दिसतंय," व्हर्ना म्हणाली.

डोरीनने त्याला हाताने गप्प केलं. "असं बघ, ती माणसं गॅरेजमध्ये राहत होती. दानाच्या गाईचे दात मोजू नयेत, आणि तू तर तेही दुसऱ्याच्या वतीने मोजत बसलीस!"

"दात नाही मोजत मी, डोरीन. गाय मेलेली आहे. वास येतोय."

डोरीनचं तोंड एवढंसं झालं, पण क्षणभरच. "बरं. यापुढे तळघराचं काम मी बघते. तू हॉलमध्ये सँडविचचं बघ."

"आहेरासाठीच आलेय मी. नज्वाला स्टेजवर बसायचं नाही. वस्तू द्यायच्या तर घरी पोचवा. या हाताचं त्या हाताला कळू नये असं दर रविवारी ऐकतेस ना पुढच्या बाकावर बसून?"

"अगं, पण लोकांना बघायचंय! त्यांनी दिलं, त्यांना आनंद नको का घ्यायला? पेपरवाला येणार आहे. आणि तिला नाही बसायचं म्हणजे काय? घस्सानला मी विचारलं, तो हो म्हणाला."

"तो काय नाही म्हणणार? त्याच्या घराच्या किल्लीचा दुसरा जोड तुझ्या पर्समध्ये आहे."

"तू बसली होतीसच की," डोरीन म्हणाली. अगदी सहज, मनात काही नसताना. "तुझं काही बिघडलं का?"

व्हर्ना तिथून निघाली. रस्त्यात तिला किळस आली ती डोरीनची थोडी आणि स्वतःची जास्त. एवढ्या वर्षांत हसून हसून आणि थँक्यू म्हणून म्हणून आपणच यांना शिकवलं की काही बिघडत नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी ती हॉलच्या स्वयंपाकघरात अंड्याचे सँडविच तिरके कापत होती. नज्वा येणार नाही, आजारी आहे असं कळवेल, असं दोघींत ठरलं होतं. पण मागचं दार उघडलं आणि घस्सान मोठं पातेलं घेऊन आत आला, इस्त्रीचा शर्ट, चेहरा ओशाळा. मागे नज्वा, मुली. पातेल्यात द्राक्षवेलीच्या पानांत गुंडाळलेला भात होता, गावाला पुरेल एवढा. लोक आपल्यासाठी जमणार म्हणजे त्यांना जेवू घालायचं, ही त्यांची रीत. डोरीनने पातेलं हातातून घेतलं, "किती छान, किती छान!" म्हणत कोपऱ्यातल्या टेबलावर ठेवलं आणि वर चिठ्ठी लावली: परदेशी पदार्थ, ॲलर्जी असणाऱ्यांनी जपून.

व्हर्नाने नज्वाकडे पाहिलं. नज्वाने मान हलवली. "घस्सान म्हणतो, नाही कसं म्हणायचं. बरोबर आहे त्याचं."

मग त्यांना स्टेजवर नेलं. सजावटीच्या कपाटात लग्नाचीच सजावट होती, ती लावली होती. खुर्च्यांवर कागदी घंटा लोंबत होत्या. मागे 'नवदांपत्यास शुभेच्छा' असा फलक होता, त्यातला 'नवदांपत्यास' दुमडून टाचणी मारली होती. लग्नाला बारा वर्षं झालेले ते दोघं घंटांखाली बसले. मुली पहिल्या रांगेत. एल्वुडने माइक हातात घेतला, कारण गावात माइक त्याच्याच हातात असतो.

"पहिला आहेर, नॉस कुटुंबाकडून!"

झाकण नसलेली किटली. डोरीनने तिला रिबन बांधली होती. नज्वाने किटली हातात घेतली. खालून कुणीतरी ओरडलं, "वर धर, वर! दिसत नाही!" टाळ्या. पेपरवाल्याने फोटो काढला. घस्सान हसत होता. नज्वाने किटली उंच धरली आणि ती आपल्या मुलींकडे बघायचं टाळत होती. व्हर्नाला स्वयंपाकघराच्या खिडकीतून हे सगळं दिसत होतं. 

"दुसरा आहेर, आपल्या लाडक्या अध्यक्ष डोरीनकडून!"

व्हर्नाने सुरी ठेवली. एप्रन तसाच. ती हॉलमधून सरळ चालत स्टेजवर चढली, नज्वाच्या मांडीवरचं खोकं उचललं आणि म्हणाली, "ऊठ बाई. इथे मी बसते. मला सवय आहे."

नज्वा गोंधळून उठली. व्हर्ना त्या खुर्चीत बसली, घंटेखाली. एल्वुड म्हणाला, "व्हर्ना, हे काय चाललंय?"

"आहेर चाललाय. पुकार तू." तिने रिबन सोडली आणि ब्रश बाहेर काढून उंच धरला. "मागच्यांना दिसतोय ना? केसांचा ब्रश. डोरीन कॉन्रॅडकडून. केसांसकट."

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

"टाळ्या नाहीत? बरं. मग आता रीतीप्रमाणे फिरवा." तिने ब्रश पहिल्या रांगेत मिसेस नॉसपुढे धरला. मिसेस नॉसचे हात मांडीवरून हलले नाहीत. व्हर्नाने तो तिच्या मांडीवर ठेवला. झुरळ पडावं तशी ती बाई उडाली आणि बोटाच्या टोकाने तिने तो शेजारणीकडे ढकलला. शेजारणीने कागदी रुमालात धरून पुढे दिला. तो ब्रश असा रांगेतून चालला की प्रत्येक हात त्याच्यापासून पळत होता. याच माणसांनी मघाशी टाळ्या वाजवल्या होत्या.

"आता हाताला का काटा येतो?" व्हर्ना म्हणाली. "उंच धरायला तिला सांगत होतात ना? यातलं एक तरी आपल्या लेकीच्या लग्नात दिलं असतंत का? ती गादी पण आणा रे पुरुषांनो. एल्वुडचा बाप वारला त्या गादीवर. तीही फिरवा. प्रत्येकाने नाक लावून बघा. अरे, घेणाऱ्याला नाक नसतं असं वाटतं की काय तुम्हाला?"

ब्रश डोरीनपाशी पोचला होता. डोरीनने तो घेतला नाही. ती उभी राहिली. "कृतघ्न! तुझं घर जळालं तेव्हा याच हॉलने तुला उभं केलं, व्हर्ना. ताटापासून सगळं दिलं."

"दिलंत. आणि अजून रोज त्या ताटात तुमचं नाव जेवते मी."

 व्हर्नाला वाटलं, झालं. शब्द पाळला. उभ्या जन्माचं पोटातलं बाहेर पडलं.

आणि तेव्हा नज्वा स्टेजवरून खाली उतरली. ती डोरीनपाशी गेली. बाकावर पडलेला ब्रश तिने हाताने उचलला, रुमाल नाही, काही नाही, छातीशी धरला आणि स्पष्ट आवाजात म्हणाली, "थँक्यू. फार सुंदर. सगळ्यांना थँक्यू."

हॉलने श्वास सोडला. टाळ्या वाजल्या, जोरात, उभं राहून. डोरीनने रडत तिला मिठी मारली. फोटो निघाला. व्हर्ना घंटेखाली खुर्चीत बसलेली होती आणि तिच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

स्वयंपाकघरात ती आली तेव्हा नज्वा मोरीपाशी हात धुत होती. साबण, पाणी, पुन्हा साबण. कोपरापर्यंत. बोटं लाल झाली होती.

"का केलंस?" व्हर्नाने विचारलं. "मी तुझ्यासाठी..."

"माझ्यासाठी?" नज्वाने वळून पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं आणि राग होता. "खाला, तुम्ही बोललात. तुम्ही यांच्याच आहात, तुम्हाला कोण हाकलणार? उद्या घराची किल्ली कुणाकडे? शाळेत मुलींना कोण सोडतं? तुम्ही भांडायचं, आणि मी त्याची किंमत द्यायची? मी थँक्यू म्हटलं. आता वर्ष जाईल."

 व्हर्नाने टॉवेल पुढे केला. नज्वाने तो घेतला आणि हात पुसता पुसता तिचं डोकं व्हर्नाच्या खांद्याला टेकलं. ब्रश मोरीशेजारी पडला होता. कोपऱ्यातल्या पातेल्याला कुणी हात लावला नव्हता. दोघींनी उभ्या उभ्या त्यातलं खाल्लं, भूक नसताना.

त्यानंतर गाव व्हर्नाशी बोलेनासं झालं, म्हणजे 'हवा गार आहे' एवढंच बोलू लागलं. डोरीन मागच्या बाकाकडे वळून बघेना. नज्वा मात्र रोज दुपारी येत राहिली आणि हॉलचा विषय दोघींनी पुन्हा काढला नाही.

वर्ष संपलं त्याच आठवड्यात नज्वा आणि घस्सान मुलींना घेऊन दूरच्या हॅमिल्टन शहरात गेले. तिथे घस्सानचा चुलतभाऊ होता, काम होतं, आपली माणसं होती. गावाला व्हायचं तेच झालं. "बघा! एवढं केलं आणि गेले!" "आभाराचा एक शब्द नाही!" व्हर्नाने दुकानात हे ऐकलं. "वर्षभर आभारच मानत होती ती," ती म्हणाली, पण ते नेहमीप्रमाणे कुणी ऐकलं नाही.

ते गेले त्याच दिवशी डोरीनने हॉल उघडला आणि तिला स्टेजवर सगळा आहेर मांडलेला दिसला. एकूण एक वस्तू. किटली चकचकीत घासलेली. कपडे धुऊन, इस्त्री करून, हूक लावून. गादीला नवी खोळ शिवलेली. प्रत्येक वस्तूवर देणाऱ्याचं नाव, एल्वुडने पुकारलं होतं तस्संच. साभार परत.

गावाला लाज वाटली असेल असं वाटत असेल तर तुम्ही कधी गावात राहिलेला नाहीत. दुपारपर्यंत निम्मं गाव हॉलमध्ये होतं. जे माळ्यावर सडत होतं ते बायका उलटून पालटून बघत होत्या, नावं वाचत होत्या. "ही माझी!" "ए, सोड, ही आमची!" एकाच पायाच्या बुटालासुद्धा मालक मिळाला. आणि डोरीनने तो ब्रश उचलला. त्यात एक केस नव्हता, दातांच्या मुळापर्यंत स्वच्छ. तिने तो उजेडात धरून पाहिला आणि पर्समध्ये टाकला.

"चांगला ब्रश आहे," ती म्हणाली. "वाया कशाला घालवायचा?"

व्हर्ना दारातूनच परत फिरली. तिचं असं त्या ढिगात काही नव्हतं. तिने दिलेल्या चादरी नज्वाने परत केल्या नव्हत्या, एवढं तिने बघून घेतलं.

घरी मागच्या पायरीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी ठेवलेलं होतं. ठेवणारी सकाळी जाता जाता दार वाजवून पळाली असणार, पण व्हर्ना तेव्हा दुकानात होती. तिने कागद सोडला. आत एक ताट. पांढरं, साधं, शहरातल्या दुकानातलं, कोरं.

तिने जन्मभराच्या सवयीने ते उलटं करून पाहिलं. खाली काहीच लिहिलेलं नव्हतं. तिने बटाटे उकडले, त्यात वाढून घेतले आणि एकटीच टेबलाशी जेवायला बसली.